निलगिरी लावण्यापूर्वी जमिनीची खोली पाहा

कोरडवाहू जमिनीत निलगिरी लावावी काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. झाड झपाट्याने वाढते, जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, राखण लागत नाही, तोडल्यावर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. हे सारे खरे आहे. मात्र याच गुणांनी कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात काय झाले, ते आधी पाहावे.

तेथे १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणातून रोपे मिळू लागली आणि नाचणीच्या शेतांत निलगिरी उभी राहिली. नाचणीला खुरपणी, कापणी, मळणी अशी कामे असतात. निलगिरीला लागवडीनंतर तोडणीपर्यंत फारसे काही नाही. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची त्यात सोय झाली, पण मजुरांची, विशेषतः स्त्रियांची, रोजी गेली. धान्याबरोबर गुरांचा पेंढाही गेला.

पाण्याचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. कोलारला लागून असलेल्या होसकोटे येथील खोल जमिनीत शास्त्रज्ञांनी केलेली मोजणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत पाऊस पडला सुमारे २१०० मि.मी.; झाडांनी वापरले सुमारे ३४०० मि.मी. वरचे पाणी आले कोठून? मुळे वर्षाला अडीच मीटरहून अधिक वेगाने खाली उतरत होती आणि ८ मीटरपर्यंतची जुनी ओल शोषून घेत होती. एरवी हीच ओल भरल्यावर पाणी पुढे झिरपून विहिरीला मिळते. मध्यम खोलीच्या जमिनीत मात्र निलगिरीचा वापर तेथील नैसर्गिक जंगलाइतकाच आढळला. म्हणून सरसकट झाडाला दोष देणे बरोबर नाही. तरीही नाचणीला त्याच्या निम्मेच पाणी लागते, हे विसरू नये.

कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीस बंदी घातली.

आपल्या शेतात खोल माती असेल आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल, मग ती शेजाऱ्याची का असेना, तर निलगिरी लावू नये. लावलेली काढावयाची असल्यास नुसती तोडून भागत नाही. बुंधे मुळासकट खणून काढावे लागतात. त्यानंतरही पहिल्याच पावसाळ्यात विहीर भरेल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी ती आठ मीटर कोरडी माती पाणी पिते.