लिटरमागे दीड हजार बेक्वेरेल म्हणजे नेमके किती?

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जपानने फुकुशिमा दाइची अणुऊर्जा प्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी प्रशांत महासागरात सोडण्यास प्रारंभ केला आणि त्याच दिवशी चीनने जपानी सागरी खाद्याची आयात थांबवली. सोडल्या जाणाऱ्या पाण्यात ट्रिटियम लिटरमागे १५०० बेक्वेरेलपेक्षा कमी राहील, अशी हमी जपानने दिली आहे. आकडा ऐकताच धडकी भरते. तो कशाचा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

बेक्वेरेल हे वजनाचे माप नव्हे. दर सेकंदाला एका अणूचा क्षय, म्हणजे एक बेक्वेरेल. ट्रिटियम हे हायड्रोजनचेच किरणोत्सारी रूप. ते पाण्यात मिठासारखे विरघळत नाही, पाण्याच्या रेणूचाच भाग होते. म्हणूनच ते गाळून काढता येत नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे ३९ कोटी सेकंद. ०.६९३ ला या संख्येने भागले की कळते, दर सेकंदाला साधारण ५६ कोटी अणूंमागे एकाचा क्षय होतो. तेव्हा १५०० बेक्वेरेलसाठी १५०० गुणिले ५६ कोटी, म्हणजे ८४ हजार कोटी अणू हवेत. प्रचंड संख्या! पण ट्रिटियमच्या तीन ग्रॅममध्ये सहावर तेवीस शून्ये इतके अणू मावतात. त्या हिशेबाने एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केल्यास त्यांतील जेमतेम चार भाग एका लिटरात असतील. वर्षाला सोडण्याची मर्यादा २२ लाख कोटी बेक्वेरेल आहे. तिचे वजन भरते सुमारे ६० मिलिग्रॅम.

वजनावरून धोका ठरत नाही, हेही खरे. शरीरात गेलेल्या एका बेक्वेरेलने किती मात्रा बसते, हे मूलद्रव्यागणिक बदलते. असे पाणी कोणी रोज दोन लिटर वर्षभर प्यायले, तर ट्रिटियमची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट होईल. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १०,००० बेक्वेरेल आहे. स्ट्रॉन्शियम-९० चा एक बेक्वेरेल मात्र ट्रिटियमच्या दीड हजार पटींहून अधिक मात्रा देतो.

खरी मेख इथे आहे. ट्रिटियमचे गणित कितीही सोपे असले, तरी स्ट्रॉन्शियमसारखी इतर द्रव्ये आधी निघाली आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते. टाक्यांतील बहुतांश पाण्यात ही द्रव्ये मर्यादेबाहेर असल्याचे प्रकल्पचालक कंपनीने २०१८ मध्ये मान्य केले होते. आता ते पाणी पुन्हा शुद्ध करून, तपासूनच सोडायचे असे ठरले आहे. तरीही जपानी मच्छीमार संघटनांचा विरोध मावळलेला नाही.