नाताळचं चक्र घरीच करू या



दारावर हिरवं चक्र टांगलं की शेजारच्या काकू हळूच विचारतात, "काय हो, कोण गेलं?" त्यांचं तरी काय चुकलं? पुष्पचक्र म्हटलं की आपल्याला अंत्यविधीच आठवतो.

पण आगमनकाळाचं चक्र वाट पाहण्याचं आहे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजची एक छोटी तांबडी, रविवारची मोठी पांढरी.

इथे बेळगावात मी तीन तऱ्हा करते. सायकलच्या जुन्या रिंगला सुतळीने सुरूच्या फांद्या बांधायच्या. दुसरं, मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या सालींच्या फुलांचं. तिसरं, जुन्या इरकलीचे काठ गुंडाळलेलं. हे कैक वर्षं टिकतं. तिन्ही दारावरच शोभतात. मेणबत्त्या मात्र परातीत वाळू घालून वेगळ्या रोवा. सुक्या फांद्या पटकन पेट घेतात.

यंदा ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांच्याकडे अशी एक परात अवश्य न्या. चारही रविवारी त्यांच्यासोबत बसा आणि एकेक मेणबत्ती त्यांच्याच हातून लावा.