पहिला एफपीजीए बोर्ड: आधी सॉफ्टवेअर बघा, मग बोर्ड

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. नेटवर्क मध्येच गेलं की ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, हे आम्हा जव्हार-मोखाड्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आजचा प्रश्न: व्हेरिलॉग थोडंफार येतंय, आता आपलं डिझाइन खऱ्या हार्डवेअरवर चालवायचंय. पहिला बोर्ड कोणता घ्यावा?

एफपीजीए म्हणजे काय?

अर्डुइनोची चिप तुमच्या सूचना एकामागून एक पाळते. एफपीजीएमध्ये तुम्ही लिहाल तसं आतलं सर्किटच जोडलं जातं. त्याची मुख्य वीट म्हणजे एलयूटी: चार इनपुटच्या १६ शक्यतांची उत्तरं ठेवणारा छोटा तक्ता. शेजारी एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप असतो.

किती विटा लागतात?

समजा बोर्डाचं घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं आहे आणि एलईडी दर अर्ध्या सेकंदाला चालू-बंद करायचाय. म्हणजे १ कोटी ३५ लाखांपर्यंत मोजायचं. त्याला २४ बिटांचा काउंटर पुरतो. म्हणजे २४ फ्लिप-फ्लॉप आणि मोजक्या एलयूटी, बस्स!

आयआयटी मुंबईच्या वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स लॅबने विद्यार्थ्यांसाठी क्रिप्टॉन नावाचा बोर्ड बनवला. त्यातली चिप म्हणजे एफपीजीएचं धाकटं भावंड, सीपीएलडी. लॉजिक एलिमेंट फक्त १,२७०, तरी डिजिटलचे प्रयोग त्यावर होतात. म्हणून जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

खरी अडचण सॉफ्टवेअरची

कॉलेजांमध्ये बेसिस-३ लोकप्रिय आहे. १६ स्विच, १६ एलईडी, चार अंकी डिस्प्ले, शिकायला झकास. पण त्याचं विवाडो हे सॉफ्टवेअर कित्येक दहा जीबींचं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते उतरवायला आठवडे जातील, आणि जुना लॅपटॉप त्याखाली दमतो. शिवाय बोर्डही महाग.

टँग नॅनो ९के त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ८,६४० एलयूटी, सहा एलईडी, दोन बटणं, एचडीएमआय. तो योसिस आणि नेक्स्टपीएनआर या मुक्त साधनांवर चालतो. सगळा संच काहीशे एमबींत येतो, लायसन्सची भानगड नाही. पुढे त्यावर पिकोआरव्ही३२ हा छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसुद्धा बसतो. उणीव एकच मोठी: स्विच आणि डिस्प्ले नाहीत, ते ब्रेडबोर्डवर स्वतः जोडायचे.

घेतल्यावर दोन गोष्टी सांभाळा

एक, लाइट. डिझाइन एसरॅममध्ये टाकलं तर वीज गेली की पुसलं जातं. फ्लॅशमध्ये लिहिलं तर लाइट परत आल्यावर आपोआप चालू होतं. रोजच्या प्रयोगाला एसरॅम, पक्कं झालं की फ्लॅश.

दोन, व्होल्टेज. अर्डुइनो उनोच्या पिनवर ५ व्होल्ट असतात. या बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमीच्या. थेट जोडलंत तर पिन कायमची जाऊ शकते. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लावा.

माझा सल्ला

पैसे खर्च करण्याआधी इकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह उतरवा. दोन्ही फुकट, दोन्ही लहान. काउंटर, ट्रॅफिक सिग्नल आणि यूएआरटी ही तीन डिझाइनं सिम्युलेशनमध्ये चालवा. मी आजही बोर्डाला हात लावण्याआधी वेव्हफॉर्म बघतो, कारण चूक तिथे दिसते; बोर्डावर नुसता न पेटलेला एलईडी दिसतो.

तिन्ही जमली की बोर्ड घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये बेसिस-३ असेल तर त्यावरच हात साफ करा. स्वतःच्या खिशातून घ्यायचा असेल, नेट मोबाइलचं असेल आणि लॅपटॉप साधा असेल, तर टँग नॅनो ९के.

पुढच्या भागात यूएआरटी ओळीओळीने लिहू. तोवर सिम्युलेटर उतरवून ठेवा. भेटूच!