थीम पार्कांतील राइडवर कॅमेरा

करमणुकीच्या जागीं शिष्टाचार कशाला हवा, असें पुष्कळांस वाटतें. देवळांत, सभेंत, पंगतींत कसें वागावें याचे संकेत घराघरांतून मुलांना शिकविले जातात. परंतु रोलर कोस्टरवर किंवा आकाशपाळण्यांत बसल्यावर मनुष्य मोकळा झाला, तेथें आणखी बंधनें नकोत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जेथें अनेक माणसें एकाच गाडींत, एकाच वेगानें आणि एकाच जोखमीनें बसलेलीं असतात, तेथें एकाच्या वागण्याचा परिणाम इतरांवर जितका तत्काळ होतो, तितका पंगतींतही होत नाहीं. मोबाईलमध्यें कॅमेरा आल्यापासून हा प्रश्न विशेष निकडीचा झाला आहे. राइडवर छायाचित्र किंवा व्हिडिओ घ्यावा कीं नाहीं, घ्यावयाचा तर केव्हां आणि कसा, हें थोडें बारकाईनें पाहण्यासारखें आहे.

योगायोग असा कीं, हा खेळ आणि हातांतला कॅमेरा हीं दोन्ही एकाच देशांत आणि एकाच दशकांत लोकांपुढें आलीं. ला मार्कस थॉम्प्सन यानें न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें १८८४ सालीं ‘स्विचबॅक रेल्वे’ नांवाची उतरणीची गाडी सुरू केली. तिचा वेग ताशीं सहा मैलांच्या आसपास, आणि भाडें पांच सेंट. पुढें चार वर्षांनीं, १८८८ सालीं, जॉर्ज ईस्टमन यानें ‘कोडॅक’ हा हातांत धरून वापरण्याजोगा कॅमेरा विक्रीस आणला. त्याची किंमत पंचवीस डॉलर. गाडी सावकाश आणि कॅमेरा महाग, यामुळें त्या काळीं दोघांचा संबंध येण्याचें कारण नव्हतें. परंतु पुढें गाडीचा वेग वाढत गेला आणि कॅमेरा लहान होत होत प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसला. स्पेनमधील पोर्ट अव्हेंचुरा येथील ‘शंभाला’ ही रोलर कोस्टर ७६ मीटर उंच असून तिचा वेग ताशीं १३४ किलोमीटरपर्यंत जातो.

ह्याच शंभालावर २०१९ सालीं एका प्रवाशाचा मोबाईल निसटला आणि त्याच गाडींत बसलेल्या दुसऱ्या प्रवाशानें तो वरच्यावर झेलला. त्या झेलाचें चित्रण जगभर पाहिलें गेलें आणि झेलणाराची वाहवा झाली. ती योग्यच होती. परंतु झेल सुटला असता तर काय झालें असतें, ह्या प्रश्नाचें उत्तरही जाणून घेतलें पाहिजे; आणि तें शाळेंतल्या गणितानें देतां येतें.

समजा, एखादी गाडी जमिनीपासून २० मीटर उंचीवर आहे आणि ताशीं ८० किलोमीटर वेगानें आडवी जात आहे. तिच्यांतून सुमारें २०० ग्रॅम वजनाचा मोबाईल सुटला. खालीं पोंचावयास त्याला दोन सेकंद लागतील. पण गाडीचा वेग त्याच्याही अंगीं असल्यामुळें तेवढ्या अवकाशांत तो सुमारें ४५ मीटर पुढें गेलेला असेल. हवेचा अडथळा सोडून दिला, तर आदळतांना त्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरच्या वर भरतो. क्रिकेटच्या चेंडूचें वजन १६० ग्रॅमच्या आसपास असतें. म्हणजे मध्यमगति गोलंदाजाच्या चेंडूहून जड आणि कडा असलेली वस्तु त्याच वेगानें येत असते. फरक इतकाच कीं, फलंदाजाला चेंडू कोठून येणार हें ठाऊक असतें आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतें. येथें ज्याला मार बसावयाचा तो कदाचित् रुळांच्या खालींही नसेल. दीडशें फूट दूर, मुलाचा हात धरून, आइसक्रीमच्या दुकानापाशीं उभा असेल.

“पण हात घट्ट असला म्हणजे झालें,” असें तरुण मंडळी म्हणतात. ह्या ठिकाणीं गाडीच्या बळाचा त्यांस अंदाज नसतो. मोठ्या रोलर कोस्टरच्या उतरणीच्या तळाशीं वळण घेतांना शरीराचा भार तिप्पट-चौपट झाल्यासारखा वाटतो. २०० ग्रॅमचा मोबाईल त्या क्षणीं ८०० ग्रॅमचा होतो, आणि तो धरणारा हातही तितक्याच पटीनें जड होऊन खालीं ओढला जातो. लगेच पुढच्या चढावाच्या माथ्यावर याच्या उलट स्थिति येते. शरीर आसनावरून उचललें जातें, आणि खिशांतली सैल वस्तुसुद्धां आपोआप वर सरकूं लागते. अशा वेळीं बोटांची पकड मनुष्याच्या इच्छेवर राहत नाहीं. म्हणूनच, एरवीं हात स्थिर असणाऱ्या माणसानेंही ह्या बाबतींत स्वतःवर विसंबूं नये.

सेल्फी स्टिकची गोष्ट याहून वाईट आहे. गाडीच्या मार्गाजवळचे खांब, कमानी आणि छत किती अंतरावर असावेत, हें ठरवितांना बसलेल्या माणसाचा हात सर्व बाजूंस जेथवर पोंचतो तेवढी जागा रिकामी ठेवलेली असते. हातांत काठी आली कीं तो सारा हिशेब निकामी होतो. काठी खांबाला लागली तर ती तुटून मागच्या रांगेंतल्या माणसाच्या तोंडावर येणार, हें उघड आहे. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत पहिलें डिस्नेलँड उघडणाऱ्या डिस्ने कंपनीनें २०१५ च्या जून महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील आपल्या सर्व पार्कांत ह्या काठ्यांस बंदी केली, आणि लागलीच पॅरिस व हाँगकाँग येथेंही तोच नियम लागू झाला. त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियांतील तिच्या एका रोलर कोस्टरवर प्रवाशानें अशी काठी बाहेर काढल्यामुळें गाडी मध्येंच थांबवावी लागली होती.

गाडी थांबवावी लागते म्हणजे नेमकें काय होतें, हेंही समजून घेतलें पाहिजे. रोलर कोस्टरचा मार्ग आगगाडीच्या मार्गाप्रमाणें विभागांत वांटलेला असतो, आणि एका विभागांत एका वेळीं एकच गाडी असावी असा दंडक असतो. पुढची गाडी थांबली कीं मागच्या सर्व गाड्या आपापल्या विभागाच्या शेवटीं थांबतात. चालकाला दूरचित्रणाच्या पडद्यावर कोणाच्या हातांत मोबाईल दिसला, तर तो प्रथम ध्वनिवर्धकावरून सूचना देतो. ती न ऐकल्यास चढावावरच गाडी थांबवितो. पुन्हा सुरू करण्यापूर्वीं तपासणी करावी लागते. समजा यांत दहा मिनिटें गेलीं आणि खालीं रांगेंत सहाशें माणसें उभीं आहेत. सहाशें माणसांचीं दहा-दहा मिनिटें म्हणजे शंभर तास झाले. एका व्हिडिओसाठीं इतरांच्या आयुष्यांतील शंभर तास, तेही उन्हांत लहान मुलें घेऊन उभ्या असलेल्यांचे, खर्च करण्याचा अधिकार कोणास पोंचतो? गाडींत बसतांना हातांतल्या पिशव्या सांभाळीत, वेगवेगळ्या ढंगांनीं छायाचित्रें काढीत फलाटावर खोळंबणाऱ्यांसही हाच हिशेब लागू आहे.

आतां वेगाची राइड सोडून अंधाऱ्या राइडकडे वळूं. तेथें जिवाला धोका नसतो, म्हणून लोक अधिकच सैल वागतात. परंतु तेथील सारा खेळ अंधारावर उभारलेला असतो. डिस्नेलँडमधील ‘हाँटेड मॅन्शन’ हें भुतांचें घर १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या एका मोठ्या दालनांत आरपार दिसणाऱ्या भुतांच्या जोड्या नाचत असतात. ही युक्ति जुनी आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत १८६२ सालीं जॉन हेन्री पेपर यानें ती रंगभूमीवर दाखविली, आणि तिला ‘पेपरचें भूत’ असेंच नांव पडलें. प्रेक्षक आणि दालन यांच्यामध्यें एक प्रचंड कांच उभी असते. नाचणाऱ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या दृष्टीआड असतात. त्यांच्यावर प्रकाश टाकला कीं त्यांचें प्रतिबिंब कांचेंत पडतें आणि तें पलीकडच्या दालनांत तरंगतें आहेसें भासतें. कांच आहे हें कोणास कळूं नये, यांतच सारी जादू आहे. अशा ठिकाणीं कोणी फ्लॅश मारला, कीं कांच लखकन् चमकून उठते आणि भुतांच्या जागीं एक पांढरा डाग दिसतो. फ्लॅश मारणाराच्या चित्रांतही तोच डाग येतो. म्हणजे त्याच्याही पदरीं कांहीं पडत नाहीं.

शिवाय डोळ्यांचाही विचार आहे. उजेडांतून अंधारांत गेल्यावर मानवी डोळा पूर्णपणें सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. राइड तर कांहीं मिनिटांत संपते. एका फ्लॅशनें जो थोडाफार सराव झालेला असतो तोही पुसला जातो, आणि पुढचे दोन-तीन देखावे मागच्या प्रवाशांस नीट दिसतच नाहींत. फ्लॅश बंद ठेवून व्हिडिओ घेणारे स्वतःस निर्दोष समजतात; पण त्यांच्या मोबाईलचा उजळ पडदा मागच्या रांगांच्या डोळ्यांसमोर सबंध वेळ दिव्यासारखा जळत असतो. पडदा अगदीं मंद करावा, नाहींतर मोबाईल खिशांतच राहूं द्यावा.

यानंतरचा प्रश्न चेहऱ्यांचा आहे, आणि तो सर्वांत नाजूक आहे. राइडवर मनुष्याचा चेहरा त्याच्या ताब्यांत नसतो. कोणी किंचाळतो, कोणी डोळे मिटून देवाचें नांव घेतो, कोणाचा पदर उडतो, कोणाचें मूल रडत असतें. पुढच्या आसनावरचा मनुष्य स्वतःकडे कॅमेरा धरतो, तेव्हां मागच्या दोन-तीन रांगा त्याच्या चित्रांत आयत्याच सांपडतात. मग तो व्हिडिओ जगापुढें जातो आणि अनोळखी लोक त्यावर हंसतात. दुसऱ्याच्या दुर्बळ क्षणाचें चित्र घेणें हा अपराध आहे, ही जाणीव नवी नाहीं. जर्मनींत १८९८ सालीं बिस्मार्कच्या मृत्यूनंतर दोघा छायाचित्रकारांनीं चोरून आंत शिरून त्याच्या शवाचें छायाचित्र घेतलें. त्यावरून उठलेल्या वादाचा परिणाम म्हणून १९०७ च्या कायद्यानें माणसाचा स्वतःच्या चित्रावरील हक्क मान्य झाला. कायदा असो वा नसो, सभ्य माणसानें इतकें पाळावें कीं, आपल्या चित्रांत परका चेहरा ओळखूं येत असेल तर त्याला विचारावें, अथवा तो भाग कापून टाकावा. आणि दुसऱ्याच्या मुलाचें चित्र आईबापांच्या परवानगीवांचून कधींही पुढें धाडूं नये.

येथेंच आणखी एक लहानशी गोष्ट येते. पुष्कळ राइडवर तीव्र उताराच्या जागीं पार्कनेंच कॅमेरा बसविलेला असतो आणि बाहेर पडतांना तें छायाचित्र विकत मिळतें. खिडकीवरच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्या चित्राचें मोबाईलनें फुकट चित्र घेण्याची चाल पडली आहे. ही काटकसर म्हणतां येणार नाहीं. विकावयास ठेवलेली वस्तु न विचारतां उचलण्याचाच हा प्रकार आहे.

मग छायाचित्र घ्यावें तरी कोठें? जागा पुष्कळ आहेत. रांगेंत शिरण्यापूर्वीं प्रवेशद्वारापाशीं घ्यावें. घरांतल्या एकानें खालीं थांबून, कठड्याच्या अलीकडून, येणाऱ्या गाडीचें घ्यावें. आणि तें आंतून घेतलेल्या हलत्या चित्राहून बहुधा चांगलेंच येतें. लहान मुलांची आगगाडी, सावकाश चालणारी नौका, बंद डब्यांचें मोठें चक्र, अशा ठिकाणीं मनाई नसल्यास बसल्या जागेवरून घ्यावें. छातीला घट्ट बांधण्याचा लहान कॅमेरा कांहीं ठिकाणीं परवानगीनें चालतो, पुष्कळ ठिकाणीं तोही चालत नाहीं. म्हणून प्रथम विचारावें, आणि नकार मिळाल्यास त्या तरुण नोकराशीं हुज्जत घालूं नये. नियम त्यानें केलेला नसतो, आणि त्या गाडींतल्या सर्वांच्या जिवाची जबाबदारी त्या घटकेस त्याच्यावर असते.

फ्लॉरिडांतील ऑर्लँडो येथें ‘इन्क्रेडिबल हल्क’ ही रोलर कोस्टर २०१६ सालीं नव्यानें सुरू झाली, तेव्हां तिच्या वाटेवर धातुशोधक यंत्रें बसविण्यांत आलीं. मोबाईल लॉकरमध्यें ठेवल्यावांचून पुढें जातांच येत नाहीं. अशा ठिकाणीं शिष्टाचाराचें काम यंत्रच करतें. महाराष्ट्रांत खोपोलीजवळ इमॅजिका हें मोठें पार्क २०१३ पासून आहे, आणि तेथें सांगावयास माणसें असतात. परंतु ह्या प्रांतांतील बहुसंख्य मुलांचा पहिला आकाशपाळणा असतो तो गांवच्या जत्रेंतला. तेथें ना धातुशोधक यंत्र, ना लॉकर, ना दूरचित्रणाचा पडदा. पाळणे उघडे, आणि खालीं भेळेच्या, फुग्यांच्या, बांगड्यांच्या दुकानांपाशीं दाटलेली गर्दी. माथ्यावर पाळणा थांबला कीं सबंध जत्रेचें दृश्य दिसतें, आणि हात आपोआप खिशाकडे जातो.

त्या क्षणीं अडविणारें कोणीच नसतें. म्हणून घरचें वळण लागतें तें तेथेंच. ज्या आईबापांनीं पाळण्यांत बसण्यापूर्वीं स्वतःचा मोबाईल खालीं उभ्या असलेल्या आजोबांच्या हातीं दिला, त्यांच्या मुलांना ह्या विषयावर वेगळा धडा द्यावा लागत नाहीं. आजोबांनीं खालून घेतलेलें चित्र थोडें वांकडें येईल, कोणाचें डोकेंही कापलें जाईल. पण वर बसलेल्यांचे दोन्ही हात दांडीवर असतील, आणि खालच्या गर्दींतल्या कोणास वर पाहून चालण्याची पाळी येणार नाहीं.