चिमूटभर नायट्रोजन

व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा. दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना आवळलेली वळणं. 500 फेऱ्यांच्या शर्यतीत नॅसकार या अमेरिकन स्टॉक कार मालिकेतली गाडी इथे हजार वेळा ब्रेकवर नाक खाली घालते आणि हजार वेळा वर उचलते. प्रेक्षकांना दिसतात लालभडक तापलेल्या ब्रेकच्या चकत्या. माझं लक्ष जातं शेजारच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे, म्हणजे आपल्या गॅरेजातल्या ‘शॉकअप’कडे, आणि त्यात कोंडलेल्या चिमूटभर नायट्रोजनकडे.

शॉकअपचं मुख्य काम तेलाचं. दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला भोकं, भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत. चकत्या वाकतील तेवढीच तेलाला वाट मिळते आणि गाडीची उसळी तिथेच जिरते. अडचण होते ती पिस्टनच्या पाठीमागे. दांडा झपकन आत गेला की तिथली जागा वाढते. तेल वेळेत पोचलं नाही तर दाब कोसळतो आणि तेलात बुडबुडे उठतात. बुडबुडा सहज दबतो, तेल दबत नाही. मग दांडा उलटा फिरला की सुरुवातीला पिस्टनला अडवायला काही उरतच नाही.

फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों याने यावर तोडगा काढला. नळी एकच, तेलाच्या टोकाला मोकळा सरकणारा दुसरा पिस्टन आणि त्याच्यापलीकडे दाबलेला वायू. हा वायू तेलाला सतत रेटून धरतो, बुडबुड्यांना जागा देत नाही. बिलस्टाइन या जर्मन कंपनीने 1957 साली ही रचना मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी बनवली. आपल्याकडे पल्सरच्या मागच्या शॉकअपवर ‘नायट्रॉक्स’ असं लिहिलेलं असायचं, ते याच नायट्रोजनवरून. साध्या हवेत ओल असते आणि तेलाला बाधणारा ऑक्सिजनही. नायट्रोजन कोरडा आणि निरुपद्रवी.

मग ठासून भरावा की! इथेच या विद्येची गंमत आहे. वायू राखण करता करता स्प्रिंगही होतो. दांडा पाच अष्टमांश इंच जाड असेल, तर दर चौरस इंचाला 100 पौंड दाबाचा वायू त्याला सुमारे 31 पौंड जोराने बाहेर ढकलतो. 200 पौंड दाब भरा, जोर 61 पौंड. एक इंच दबायला 200 पौंड लागणाऱ्या स्प्रिंगच्या जोडीला असा 31 पौंडांचा रेटा आला, की गाडीचा तो कोपरा जवळपास चार मिलिमीटर उचलला जातो. स्टॉक कारवाल्यांना तर नाक जमिनीलगत हवं असतं, म्हणजे खालून हवा कमी शिरते. म्हणून ते पुढच्या शॉकअपचा परतीचा विरोध मुद्दाम कडक ठेवतात. एकदा खाली गेलेलं नाक सावकाश वर यावं. वायू मात्र त्याला सारखा वर ढकलत असतो. बुडबुडे होणार नाहीत इतपतच दाब, त्याहून जास्त नको, अशी ही कसरत.

ती साधायला आणखी एक झडप मदतीला येते. वायूकडच्या पिस्टनच्या अलीकडे ती बसवली, की दांडा आत येताना दाबाचा काही भार ती उचलते आणि कमी नायट्रोजनवर भागतं. मला ही झडप फार देखणी वाटते, कारण तिने वायूचा दाब न वाढवताच प्रश्न सोडवलेला असतो.

उष्णतेचा हिशेब वेगळाच. 27 अंश सेल्सिअसवर भरलेला वायू 87 अंशांवर गेला, की त्याचा निरपेक्ष दाब पाचव्या भागाने वाढतो; शिवाय तेल फुगून त्याची जागा खातं, म्हणजे दाब त्याहूनही चढतो. थंड गाडी तराजूवर घेऊन चारही चाकांवरचं वजन नेमकं जुळवलेलं असतं, पण चार शॉकअप सारखेच तापत नाहीत. काही फेऱ्यांनंतर ते वजन हललेलं असतं. म्हणून दाब आधी ठरतो, वजनं मागाहून.

आणि मोजणीसुद्धा जपून करावी लागते. आतला वायू इतका थोडा, की गेजची नळी जोडली तरी त्यातला काही नळीत शिरतो आणि दाब उतरतो. गेज नुसता लावून काढला, तरी शॉकअप आता आधीचा राहिलेला नसतो. वायू पुन्हा भरून, त्याच गेजने, त्याच लांबीच्या नळीने, दांडा पूर्ण बाहेर काढूनच दाब लावावा लागतो.