पंचवीसचा पाढा

‘‘काका, लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, हेल्मेटसुद्धा नको. बिल करू?’’

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात इलेक्ट्रिक स्कूटर बघायला मला घेऊन निघाले. दुकानदाराचं हे वाक्य ऐकून त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच पडलाही. तीस वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासलेला माणूस. ‘‘काहीच नको म्हणजे काहीतरी गोम आहे,’’ ते माझ्या कानात पुटपुटले.

गोम होतीच. ती एका आकड्यात आहे: पंचवीस.

पंचवीस एके पंचवीस

१९८८चा मोटार वाहन कायदा म्हणतो, चाकं चारपेक्षा कमी आणि इंजिन २५ सीसीपर्यंतचं असेल तर ते ‘मोटार वाहन’च नाही. विजेच्या स्कूटरला सीसी आणायचे कुठून? म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिच्यासाठी वेगळी खिडकी ठेवली आहे. मोटारीची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. ब्रेक धड असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असावा. एवढं जमलं, आणि मान्यताप्राप्त संस्थेनं तसं प्रमाणपत्र दिलं, की ही स्कूटर कायद्याच्या लेखी सायकलची थोरली बहीण. तिला नंबर नाही, लायसन नाही, विमा नाही.

तेव्हा दुकानदार खोटं बोलत नव्हता. निदान तोपर्यंत तरी.

स्वयंपाकघरातला मिक्सर जास्त ताकदवान

२५० वॅट म्हणजे किती? ओट्यावरचा मिक्सर बघा. खोबऱ्याचं वाटण करणारा साधा मिक्सर ५०० वॅटचा, दणकट असेल तर ७५० वॅटचा. म्हणजे चटणी वाटायला जेवढी ताकद लागते तिच्या एक तृतीयांशात कायद्यानं काकांना मंडईत पोचवायचं ठरवलंय.

यात एक बारकी पळवाट आहे. नियमात ‘तीस मिनिटांची ताकद’ म्हटलंय, म्हणजे मोटार सलग अर्धा तास जेवढी ताकद देऊ शकते तेवढी. चढावर किंवा सिग्नल सुटल्यावर ती क्षणभर जास्त जोर लावू शकते. त्यामुळे ‘२५० वॅट’ छापलेली प्रत्येक गाडी खोटी ठरत नाही, आणि प्रत्येक खरीही नसते.

पंचवीस दुणे पन्नास

आता खरी गंमत. काका म्हणाले, ‘‘पंचवीस फारच कमी हो.’’ दुकानदारानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, ‘‘एक वायर आहे. ती काढली की पन्नास पळते. सगळे काढतात.’’

सगळे काढतात हे बऱ्याच अंशी खरंय. काही गाड्यांत वेगाचं कुलूप एका वायरीवर असतं, काहींत कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये. २०२२मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं असल्याच फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम उघडली होती.

वायर निघाली त्या क्षणी ती सायकलची बहीण उरत नाही, पुरतं मोटार वाहन होते. तेही बिननोंदणीचं, बिनविम्याचं आणि कदाचित बिनलायसनच्या हातातलं. मालकानं असा बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर दोन्ही. नियम मोडून गाडी विकणाऱ्याला किंवा बदलून देणाऱ्याला एका गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत तुरुंग, नाहीतर दोन्ही. ‘सगळे काढतात’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हा दुसरा आकडा ऐकवला, तर तो चहा मागवतो आणि विषय बदलतो. स्वानुभव.

दंड भरून सुटता येतं. विम्याचं तसं नाही. अशा गाडीनं कुणाला धडक दिली आणि नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला, तर मागे विमा कंपनी नसते. फ्लॅट आणि पीएफ एवढंच असतं. ज्या विम्यावाचून हे संकट येतं त्याचा भाव किती? तीन किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला २०२२मध्ये ठरलेला थर्ड पार्टीचा दर वर्षाला ४५७ रुपये. नवी गाडी घेताना पाच वर्षांचे एकदम भरावे लागतात, तरी बेरीज एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतकीच.

पंचवीस हजार

अकरावीतल्या चिरंजीवांसाठी स्कूटर घेताय? कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक फट आहे: ५० सीसीपर्यंतची गाडी. पण ५० सीसीच्या गाड्या बाजारातून जवळपास गेल्या, आणि विजेच्या गाडीला सीसी नसतातच. फट आहे, शिरायला गाडी नाही. मग उरते ती पंचवीसवाली. तिला वयाची अटच नाही, कारण ती मोटार वाहन नाही.

मात्र चिरंजीवांनी वायर काढून घेतली आणि पकडले गेले, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आकड्यांची आवड असणाऱ्यांनी नोंद घ्यावी: २५ सीसी, २५० वॅट, ताशी २५, दंड २५ हजार. हा पाढा कुणी मुद्दाम रचला नसावा, पण पाठ करायला सोपा आहे.

सबसिडीच्या उतरणीतही हेच पंचवीस महाशय भेटतात. केंद्राची मदत बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे जून २०२१मध्ये १५,००० रुपये होती. जून २०२३मध्ये ती १०,००० झाली, एप्रिल २०२४मध्ये ५,००० आणि एप्रिल २०२५मध्ये २,५००. मोठा भाऊ आधी घेऊन गेला त्याला पोळी, धाकट्याला चतकोर. पंचवीसच्या आतल्या गाडीला या ताटात जागाच नव्हती.

ब्रिटनचे साडेपंधरा मैल

पंचवीसवर फक्त आपणच अडलो आहोत असं नाही. युरोपीय संघात पॅडल मारताना मदत करणाऱ्या सायकलीला तोच नियम: २५० वॅट, ताशी २५. ब्रिटनमध्ये तिची मर्यादा ताशी साडेपंधरा मैल. एवढा वेडावाकडा आकडा कुठून आला असेल, तर पंचवीस किलोमीटरचे मैल करा, कळेल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, पंचवीस मागे राहिले नाहीत.

चीनच्या २०१८च्या मानकात वेग ताशी २५ आणि शिवाय पॅडल सक्तीचं होतं. म्हणून तिकडच्या कितीतरी स्कूटरांना कधीच न मारली जाणारी पॅडलं लोंबकळत असायची. आपल्याकडे १९७२मध्ये आलेल्या लुनाला पॅडलं होती, ती मात्र खरोखर मारावी लागायची. पेट्रोल संपलं की घामानं चालणारी दुसरी गाडी त्यातूनच निघायची. २०२४च्या फेब्रुवारीत विजेची ई-लुना आली. तिला पॅडलं नाहीत. कॉलेजात लुना ढकललेल्या पिढीनं सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

विकत घ्या, पण चालवू नका

उभ्यानं चालवायच्या छोट्या ई-स्कूटरचा ब्रिटनमधला कायदा वाचून पुणेकरही थक्क होईल. ती दुकानातून घेणं पूर्ण कायदेशीर आहे. स्वतःची ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालवणं बेकायदा. सरकारी प्रयोगातल्या भाड्याच्या तेवढ्या चालतात. थोडक्यात, तलवार घ्या आणि दिवाणखान्यात टांगा.

पॅरिसनं २ एप्रिल २०२३ला भाड्याच्या ई-स्कूटरांवर जनमतच घेतलं. जवळपास ८९ टक्के विरोधात गेले आणि ऑगस्टअखेर स्कूटर शहरातून गेल्या. फक्त मतदानाला आले होते साडेसात टक्क्यांच्या आसपास. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण झाली.

आणि हे खूळ नवं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १९१५पासून ‘ऑटोपेड’ नावाची उभ्याची मोटार-स्कूटर बनत होती. लंडनमध्ये १९१६मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन त्यावरून कामाला जात. लांब कोट, डोक्यावर हॅट. हेल्मेट तेव्हाही नव्हतं.

इथे जरा आवाज उतरवू

२०२२चा उन्हाळा या धंद्याला कायमचा लक्षात राहिला. मार्चमध्ये पुण्याच्या लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली आणि व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या २० स्कूटर जळाल्या. त्याच काळात ओलानं १,४४१, ओकिनावानं ३,२१५ आणि प्युअर ईव्हीनं २,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचं मूल गेलं.

लिथियमच्या बॅटरीत एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला, आणि साखळी थांबवणं अवघड होतं. जळताना ती स्वतःच पेटणारे वायू सोडते, आणि वरून विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा भडकू शकते. म्हणूनच डिसेंबर २०२२पासून आणि पुढे मार्चअखेर २०२३पासून ‘एआयएस-१५६’ या मानकाच्या नव्या, कडक अटी लागू झाल्या: तापमान मोजणारे सेन्सर, दाब सुटायला वाट, पाणी शिरू न देणारं आवरण, धोक्याची सूचना. जुनी किंवा सेकंडहँड गाडी घेताना बॅटरी या तारखांच्या आधीची की नंतरची, हे रंगापेक्षा आधी विचारा.

घरच्या सवयी तर फुकट आहेत. उन्हातून आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावू नये, थोडी निवू द्यावी. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा. आणि दाराशी, जिन्याखाली, रात्रभर, सगळे झोपल्यावर तर नाहीच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

टेकडीवरची रेंज

कोथरूडच्या एआरएआय टेकडीवर रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या कितीतरी पुणेकरांना ठाऊक नसतं, की टेकडीला ज्या संस्थेचं नाव चिकटलंय ती १९६६मध्ये स्थापन झाली आणि गाड्यांची परीक्षा घेते. स्कूटरला पास-नापास करणारी एक शाळा तिथेच आहे.

जाहिरातीतली ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ ही रेंज अशा परीक्षेतून येते. गाडीचं चाक रोलरवर फिरवतात, वेग ठरल्या तालात कमी-जास्त करतात. त्या रोलरवर स्पीडब्रेकर नसतो, समोरून वारं नसतं, मागे बसलेली बायको आणि पायाशी ठेवलेली गव्हाची पिशवी नसते. छापलेल्या आकड्यातून पाव भाग वजा करून घरापासून ऑफिसचं अंतर मोजा, हा माझा हिशेब. तो एआरएआयचा समजू नये.

उभ्या उभ्या काही

बॅटरीशिवाय स्कूटर विकता येते आणि तिचं पासिंगही होतं. केंद्रानं ऑगस्ट २०२०मध्ये ही मुभा दिली. इंजिन काढलेली ॲक्टिव्हा आरटीओत ढकलत नेऊन बघा काय म्हणतात.

विजेच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट २०१८पासून. खासगी गाडीची अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीची पिवळी. तेव्हा अजिबात पाटी नसलेली स्कूटर तुमच्या ॲक्टिव्हाला मागे टाकून गेली, तर समजा तिची वायर घरी ड्रॉवरमध्ये आहे.

महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर विजेच्या चारचाकींना टोलमाफी आहे. स्कूटरवाल्यांनी रुसू नये. त्यांना या तिन्ही रस्त्यांवर प्रवेशच नाही, म्हणजे टोल मुळातच शून्य.

बाइक टॅक्सीलाही राज्यानं २०२५मध्ये हिरवा कंदील दिला, पण फक्त विजेच्या दुचाकींना. त्याच वर्षी जुलैत परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वतः दुसऱ्या नावानं ॲपवरून बाइक मागवली, बेकायदा सेवा चालू आहे का हे बघायला. बाइक मंत्रालयाशी हजर झाली. आरटीओत तेवढ्या वेळात टोकनसुद्धा मिळत नाही.

गोव्यात मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३मध्ये जाहीर केलं होतं की पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या नव्या गाड्या जानेवारी २०२४पासून विजेच्याच असतील. कळंगुटच्या गल्लीतून रात्री दोन वाजता फटफटत जाणाऱ्या बाइकनं ज्यांची झोप मोडली आहे, त्यांना ही घोषणा तोंडपाठ असेल.

काकांचं काय झालं

दुकानदारानं वायरीकडे बोट दाखवल्यावर काकांनी मोटारीचा शिक्का वाचला आणि याच मॉडेलचं प्रमाणपत्र दाखवा म्हणाले. दुकानदारानं दुसऱ्याच मॉडेलचा कागद पुढे केला. काकांनी चष्मा पुसून दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले, एकदा नाही, दोनदा. तिथून आम्ही बाहेर पडलो. तिसऱ्या दुकानात कागद जुळला, तिथे त्यांनी पंचवीसवाली घेतली. वायर जागेवर. वर नियमात नसलेलं हेल्मेटही घेतलं, काकूंच्या आग्रहानं.

आता ते रोज सकाळी दुधाला जातात, रस्त्याच्या डाव्या कडेनं, ताशी तेवीसनं. गेल्या रविवारी सायकलवरच्या एका शाळकरी पोरानं त्यांना मागे टाकलं, मान वळवली आणि काळजीनं विचारलं, ‘‘काका, चार्जिंग संपलं का?’’