अर्जांची पारख
पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणा वाटली जात असे, व विद्वानांस ती शास्त्रांत परीक्षा घेऊन देत. इंग्रजी अमलात त्याच पैशातून १८५१ साली मराठी ग्रंथांस बक्षिसे देणारी कमिटी निघाली. देणाऱ्यापाशी पारखणारा असा पूर्वापार बसलेलाच आहे.

वसईत एका विद्यार्थी-साह्य निधीकडे येणारे अर्ज गेली तीन वर्षे आम्ही विनावेतन वाचतो. प्रथम ते आम्ही उत्तरपत्रिकांप्रमाणेच वाचले! सुवाच्य, शुद्ध अर्ज वर. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचे खाली. अर्नाळ्याच्या एका मुलीचा अर्ज तर ‘उत्पन्नाचा दाखला नाही’ एवढ्याच शेऱ्याने बाजूस सारला. तिची आई पहाटेच्या गाडीने दादरास फुले नेऊन विकते. तिला पगाराची चिठ्ठी कोण देणार? तहसील कचेरीत खेटे घालावे, तर त्या दिवसाची विक्री बुडते. हे आमच्या ध्यानात येईतो पैसे वाटून झाले होते. मुलीचे ते वर्ष फुकट गेले.

आता दाखल्यावाचून आलेले अर्ज आम्ही निराळे ठेवतो आणि रविवारी त्या त्या घरी जाऊन येतो. शुद्धलेखनाकडे डोळा जातोच. म्हणून तांबडी पेन्सिल घरी ठेवतो. जूनमध्ये अर्जांची रीघ लागते, वाचणारे मात्र आम्ही दोघेच. विरार-नालासोपाऱ्याकडील कोणा वाचक भगिनीस वा गृहस्थास सवड असल्यास तिसरी खुर्ची रिकामी आहे.